घराचा नकाशा आणि पाण्याचा हिशेब

घर बांधावयास काढणारा गृहस्थ आधी जागा पाहतो, मग दिशा पाहतो, मग पैशांची जुळवाजुळव करतो. पाण्याची आठवण त्याला होते ती ताज्या बांधकामावर पाणी मारण्याची वेळ येते तेव्हा. मग बोअर घेतली जाते. पाणी लागले तर भाग्य, न लागले तर टँकर. तुळजापूर येथील एका वाचक भगिनींनी मात्र जोते घालण्यापूर्वीच पत्र पाठवून विचारणा केली आहे. हजार चौरस फुटांचे घर बांधावयाचे आहे, कुटुंबात पाच माणसे आहेत; पाणी वाचवणाऱ्या घरांना प्रमाणपत्र मिळते असे ऐकले, ते घ्यावे काय आणि त्यासाठी घरात काय करावे लागते? प्रश्न एकीचा असला तरी धाराशिव, लातूर, बीड, सोलापूर या भागांतील पुष्कळ कुटुंबांचा तो आहे, म्हणून या अंकातील सदर त्यासाठीच ठेवले आहे.

तुळजापूर बालाघाटाच्या डोंगररांगेवर वसलेले आहे. ही रांग म्हणजे गोदावरी आणि भीमा या दोन खोऱ्यांमधला वरंबा. एका अंगाला पडलेले पाणी तेरणा-मांजरेच्या वाटेने गोदावरीकडे जाते, दुसऱ्या अंगाला पडलेले बोरी नदीतून भीमेकडे जाते, आणि माथ्यावर राहणाऱ्याच्या वाट्याला दोहोंपैकी एकही नदी येत नाही. जिल्ह्याचा वार्षिक पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास धरतात. पण तो सरासरीचा आकडा आहे आणि या भागात सरासरीने पडणारे वर्ष क्वचितच येते. शेजारच्या लातूर शहराला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन आली, त्याचे छायाचित्र देशभर छापून आले. ते कोणी विसरले नसेल. कृष्णा-मराठवाडा उपसा सिंचन योजनेचे पाणी तुळजापूरजवळच्या रामदरा तलावापर्यंत आणण्याचे काम हाती आहे. ते पूर्णत्वास जावो. तथापि तलावात आलेले पाणी नळातून आपल्या हौदात पडेपर्यंत त्याला अनेक दारे ओलांडावी लागतात, आणि घर बांधणाऱ्याला त्यांपैकी एकही दार उघडता येत नाही. त्याच्या हाती आहे ते त्याचे छप्पर, त्याची जमीन आणि त्याच्या घरातील नळ.

प्रथम जमिनीविषयी. आपल्या पायाखालचा खडक काळा पाषाण आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तो बनला. अखंड पाषाणात पाणी राहत नाही. राहते ते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. धाराशिवची जैन लेणी आपल्या बहुतेक वाचकांनी पाहिली असतील. मुनी कनकामरांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापूरच्या लेण्याची कथा येते. तेथे पार्श्वनाथांच्या मूर्तीच्या आसनावरील गाठ फोडताच पाण्याचा लोंढा उसळला आणि लेणे पाण्याने भरले, असे वर्णन आहे. कथेकडे केवळ कथा म्हणून पाहिले तरी ज्यांच्या मुखातून ती चालत आली त्यांना या खडकाचा स्वभाव ठाऊक होता असे मला वाटते. पाषाणात भेग सापडली तर पाणी, न सापडली तर कोरडी धूळ. शेजाऱ्याच्या बोअरला दोन इंची धार आणि आपल्या बोअरला धुरळा, हे याच कारणाने घडते.

दोनशे फुटांवर पाणी लागले नाही की चारशे, चारशेवर नाही की सहाशे, अशी आपल्याकडील रीत पडली आहे. खोल गेल्याने पाणी वाढते हा भ्रम होय. खोलवर भेगा विरळ होत जातात, आणि तेथे साठलेले पाणी एकदा उपसले की ते भरून येण्यास फार काळ लागतो. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरीला ‘खोल विहीर’ ठरवून तिच्यावर बंधने घातली, ती याच विचाराने. बोअर घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. घराचा सारा भार तिच्यावर टाकून नकाशा काढू नये, एवढेच सांगणे आहे.

आता छपराविषयी, आणि येथे जरा मागे जावे लागेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे झोपेत गाडली गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर फूट-दोन फूट मातीचे माळवद, हे आपल्या भागातील जुने घर. उन्हाळ्यात गार, पण हादऱ्याला अत्यंत घातक. त्यानंतर पन्नासाहून अधिक गावे नव्या जागी वसवण्यात आली. कुटुंबाच्या जमिनीच्या प्रमाणात २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरे बांधून देण्यात आली. त्या दिवसापासून आपल्या भागातला माणूस घर बांधताना गवंड्याला एक प्रश्न हटकून विचारू लागला: भिंतीला पट्टा कुठे घातला, सळई किती घातली? कायद्याने सक्ती केली म्हणून हे घडले नाही. तो प्रश्न लोकांच्या मनात कायमचा बसला. पाण्याविषयी तसा प्रश्न अजून बसलेला नाही.

वास्तविक त्या भूकंपाने घडवलेल्या बदलात पाण्याची एक मोठी सोय दडलेली होती. माळवदावर पडलेला पाऊस मातीतून झिरपत, पन्हाळीतून गढूळ होऊन खाली येई. तो पिण्याच्या कामाचा नव्हता. माळवद गेले आणि स्लॅब आला. स्लॅब म्हणजे स्वच्छ, उताराचे, धुता येणारे ताट. प्रत्येक नव्या घराला पिण्यायोग्य पाऊस झेलणारे छप्पर मिळाले, आणि आपण त्याला चार इंची पाइप लावून तो पाऊस गटारीत सोडून दिला! गेल्या तीस वर्षांत या जिल्ह्यात किती स्लॅब पडले असतील आणि त्यांवरून किती पाणी वाहून गेले असेल याचा विचार केला की मन खिन्न होते.

आपल्या भगिनींच्या घराचा हिशेब मांडू. हजार चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. हे माप लक्षात ठेवले की पुढचे गणित शाळकरी मुलालाही करता येईल. सरासरीच्या नादी न लागता पाऊस ६०० मिलिमीटर धरू. ५५,८०० लिटर होतात. उडून जाणारे, पहिल्या सरींबरोबर सोडून देण्याचे आणि गळतीचे मिळून पाचवा हिस्सा वजा करू. उरतात सुमारे ४४,६०० लिटर. पाच माणसांच्या पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दहा लिटर धरले तर दिवसाला ५० आणि वर्षाला १८,२५० लिटर लागतात. म्हणजे पाऊस निम्मा पडला, ३०० मिलिमीटरवर थांबला, तरीही या घराचे पिण्याचे आणि रांधण्याचे पाणी त्याच्याच डोक्यावर पडते. पुनर्वसनातील ४५० चौरस फुटांच्या घराचे गणित केले तर तेथेही चांगल्या वर्षी वीस हजार लिटर मिळतात. दुष्काळात ज्या पाण्यासाठी बाया-बापड्या घागरी घेऊन टँकरमागे धावतात, ते हेच पाणी.

हे सगळे साठवावे लागत नाही. पावसाळ्यात हौद पुन्हा पुन्हा भरत राहतो. प्रश्न असतो तो ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच्या आठ महिन्यांचा. २४० दिवस, रोज ५० लिटर, म्हणजे १२,००० लिटरचा हौद. दहा फूट लांब, सात फूट रुंद आणि सहा फूट पाणी राहील इतका खोल हौद एवढे पाणी धरतो. पायाचे खोदकाम चालू असतानाच स्वयंपाकघराच्या किंवा ओसरीच्या खाली तो काढला तर वेगळी जागा जात नाही. घर उभे राहिल्यावर मात्र तो कोणीही काढत नाही, कारण तेव्हा फरशी फोडावी लागते. अहमदाबादच्या जुन्या पोळांतील घरांखाली असे टांके आजही दाखवतात. चौकात तांब्याचे किंवा लाकडाचे झाकण, खाली काळोखात पावसाचे पाणी. काळोख महत्त्वाचा. प्रकाश आणि डास आत जाणार नाहीत असे झाकण असेल तर शेवाळ धरत नाही आणि पाणी पुढच्या पावसापर्यंत टिकते. आपल्याच तालुक्यात नळदुर्गच्या किल्ल्यात इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकिर्दीत, १६१३ साली, बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात पाणी महाल बांधला गेला. वास्तू आणि पाणी यांचा आराखडा एकाच बैठकीत करण्याची रीत येथे नवी नाही. राजाने महालासाठी जे केले ते गृहस्थाने बारा हजार लिटरांपुरते करावे.

छप्पर किती देते ते पाहिले. घर किती खाते ते आता पाहू. शहरी पाणीपुरवठ्याच्या आखणीत माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरतात. पाच माणसांचे ६७५ लिटर झाले. त्यात सर्वांत मोठा वाटा कोणाचा असे विचारले तर बहुतेक जण आंघोळीचे नाव घेतील किंवा कपड्यांचे. प्रत्यक्षात अनेक घरांत गुन्हेगार भिंतीवर मुकाट बसलेला असतो: फ्लशची टाकी. जुन्या पद्धतीची टाकी एका खेपेस दहा लिटर किंवा त्याहून जास्त पाणी सोडते. पाच माणसे, दिवसातून पाच खेपा, म्हणजे २५० लिटर. त्याऐवजी दोन बटणांची, तीन आणि सहा लिटरची टाकी बसवली तर माणशी चार लहान आणि एक मोठी खेप धरून अठरा लिटर, आणि पाच जणांचे ९० लिटर होतात. रोज १६० लिटर वाचले. वर्षाचे किती? ५८,४०० लिटर. म्हणजे सबंध स्लॅबवरून सबंध पावसाळ्यात जेवढे पाणी मिळते त्यापेक्षा अधिक पाणी एक टाकी बदलल्याने वाचते. हे गणित प्रथम मांडले तेव्हा ते मी दोनदा तपासून पाहिले होते. ज्यांच्या घरी खेड्यातील तीव्र उताराचे, भारतीय बैठकीचे भांडे आहे आणि तांब्या-बादलीने पाणी टाकण्याची सवय आहे त्यांचे काम दीड-दोन लिटरांत भागते. सुधारणा म्हणून आपण जे घरात आणले त्याने पाण्याचा खर्च पाचपट केला, हेही एकदा नोंदवून ठेवावे.

नळांचे तसेच आहे. पूर्ण सोडलेला साधा नळ मिनिटाला दहा-बारा लिटर ओततो. तोंडाशी एरेटर नावाची हवा मिसळणारी जाळी बसवली की तीच धार भरदार दिसते पण पाणी निम्म्याहून कमी जाते. हात धुताना फरक कळतही नाही. बादली भरावयाच्या नळाला मात्र जाळी लावू नये, तेथे वेळ तेवढा वाया जातो. बादलीची आंघोळ वीस लिटरांत होते, दहा मिनिटांचे कारंजे शंभर ओलांडते. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला वीस लिटरांहून अधिक पाणी नेतो. आणि पाणी शुद्ध करणारे आरओ यंत्र एका लिटरमागे साधारण दोन-तीन लिटर पाणी फेकून देते. बोअरच्या जड पाण्यासाठी ते यंत्र घेतले जाते. पावसाच्या पाण्यात क्षारच नसतात, त्यामुळे त्याला यंत्राची गरज नाही. गाळून उकळलेले पाणी आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, तेच येथे पुरेसे आहे.

नळ आणि टाकी घेताना दुकानदाराच्या बोलण्यावर विसंबून राहण्याचे आता कारण उरलेले नाही. भारतीय मानक ब्यूरोने २०२१ साली पाणी वाचवणाऱ्या नळ-भांड्यांसाठी स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले असून त्यात ताऱ्यांनी प्रतवारी ठरवली आहे. तीन तारे म्हणजे सर्वांत काटकसरी. पुढच्याच वर्षी केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने ‘भारत टॅप’ या नावाने अशा नळांचा पुरस्कार केला. तालुक्याच्या गावी दुकानात ही चिन्हे सहज दिसतीलच असे नाही. मागणी करणारे गिऱ्हाईक वाढले की माल येतो.

एवढे समजले की प्रमाणपत्राचा प्रश्न सोपा होतो. आपल्या देशात घरांना हरित मानांकन देणाऱ्या दोन व्यवस्था प्रमुख आहेत. पहिली ‘ग्रिहा’, टेरी ही संस्था आणि केंद्रीय नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी ती उभी केली आणि २००७ मध्ये ती राष्ट्रीय मानांकन पद्धती म्हणून स्वीकारली गेली. २,५०० चौरस मीटरपेक्षा लहान बांधकामांसाठी तिचेच ‘स्वग्रिहा’ हे सुटसुटीत रूप आहे. दुसरी भारतीय उद्योग महासंघाने २००१ मध्ये स्थापन केलेली इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल. तिचे कार्यालय हैदराबादेस आहे. दोन्हींमध्ये पाण्याचे गुण असतात: नळ व फ्लशचा प्रवाह किती, पावसाचे किती पाणी साठते वा मुरते, सांडपाणी पुन्हा वापरले जाते काय, मीटर आहेत काय, बागेत पाणी पिणारी हिरवळ आहे की काटक झाडे. नकाशा आणि गणित सादर करावे लागते, शुल्क भरावे लागते, आणि तपासणीनंतर तारे किंवा श्रेणी मिळते.

या खटाटोपाने लाभ कोणाला? २०२० च्या डिसेंबरमध्ये राज्याने लागू केलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार अशा मानांकित इमारतीला श्रेणीप्रमाणे तीन ते सात टक्के जादा चटईक्षेत्र मिळते. पुण्यासारखी महानगरपालिका पर्जन्यजल, सौरऊर्जा, गांडूळखत यांपैकी एका गोष्टीसाठी मिळकतकरात पाच टक्के आणि दोन वा अधिकांसाठी दहा टक्के सूट देते. चार मजली इमारत बांधणाऱ्या विकासकाला हे लाभाचे आहे. आपल्या वाचक भगिनींना जादा चटईक्षेत्र घेऊन काय करावयाचे? त्याच नियमावलीत पर्जन्यजल संधारणाची सक्ती आहे खरी, पण ती ५०० चौरस मीटर आणि त्यावरील भूखंडांना. ५०० चौरस मीटर म्हणजे जवळजवळ ५,४०० चौरस फूट. तुळजापुरात हजार-दोन हजार फुटांच्या जागेवर घर बांधणाऱ्या सामान्य माणसाला कायदा काहीच विचारत नाही आणि मानांकन काहीच देत नाही. गावातील बहुसंख्य छपरे या फटीतून निसटून जातात.

म्हणून माझे स्पष्ट मत असे: स्वतःच्या लहान घरासाठी प्रमाणपत्राच्या मागे लागू नये, त्याची प्रश्नपत्रिका तेवढी उचलावी. नकाशावर सही करण्यापूर्वी अभियंत्याकडून एका कागदावर चार आकडे लिहून घ्यावेत. छपरावरून येणारे पाणी किती, हौद किती लिटरचा, फ्लश आणि नळ किती लिटरचे, आणि न्हाणीघराचे पाणी कुठे जाणार. हे आकडे अभियंत्याला देता आले नाहीत तर नकाशा अजून पूर्ण झालेला नाही असे समजावे. शेवटच्या आकड्याकडे विशेष लक्ष द्यावे. न्हाणीचे सांडपाणी आणि शौचालयाचे मैलापाणी यांचे पाइप बांधकामाच्या वेळीच वेगळे काढले तर थोड्याशा जास्तीच्या पाइपात भागते, आणि न्हाणीचे पाणी वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून परसातील झाडांना जाते. एकदा फरशी बसली की ही गोष्ट कायमची राहून जाते.

समाजाची धर्मशाळा, विद्यार्थी वसतिगृह, मंगल कार्यालय बांधावयाचे असेल तर मात्र मत उलट आहे. तेथे मानांकन अवश्य घ्यावे. घराच्या गळक्या नळाला गृहिणीचा डोळा असतो; संस्थेच्या नळाला कोणाचाच नसतो. विश्वस्त बदलतात, देणगीदाराच्या नावाची पाटी राहते, आणि टाकी भरून वाहत असते. बाहेरच्या तपासनिसाने एकदा आकडे विचारले, मीटर लावावयास लावले, की निदान पुढच्या विश्वस्तांच्या हाती तुलनेसाठी काही उरते.

तुळजापूरच्या घरांची आणखी एक गोष्ट नियमावलीच्या तक्त्यांत बसत नाही. येथे पुष्कळ घरे केवळ घरे नसतात. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा आणि नवरात्रात पुजाऱ्यांकडे यजमान उतरतात. इतरही अनेक जण यात्रेकरूंना खोल्या देतात. पाच माणसांच्या घरात एके दिवशी वीस पाहुणे आले आणि प्रत्येकाने आंघोळीसह ४५ लिटर पाणी वापरले तर ९०० लिटर झाले. घराच्या नित्याच्या खर्चाहून अधिक. आश्विनातील नवरात्राच्या वेळी विहिरी-बोअर भरलेल्या असतात, निभावते. चैत्री पौर्णिमेला मात्र जमीन तापलेली, पाणी खाली गेलेले आणि गर्दी तीच. ज्यांना खोल्या भाड्याने द्यावयाच्या आहेत त्यांनी पाहुण्यांच्या न्हाणीघरातील नळ-फ्लश आधी काटकसरीचे करावेत, आणि पिण्याच्या हौदाची वाहिनी त्या बाजूस मुळीच नेऊ नये.

आपल्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट सांगावयाची आहे. जुन्या घरांच्या परसात आड असत. नळ आल्यावर ते कचऱ्याने भरले, काहींवर स्लॅब पडला. मुनिसंघ गावात आला की चौक्यासाठी विहिरीच्या पाण्याचा शोध सुरू होतो, कारण गाळल्यावर उरलेली जिवाणी मूळ पाण्यात परत पोहोचवावी लागते आणि बोअरमध्ये ती पोहोचवता येत नाही. मग जिवंत विहीर शोधत दुसऱ्या आळीत, कधी शिवाराबाहेर जावे लागते. ज्यांच्या जागेत जुना आड आहे त्यांनी नवे घर बांधताना तो बुजवू नये. गाळ काढून कठडा बांधावा, आणि हौद भरून वाहणारे छपराचे पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून त्यात सोडावे. वर्षाच्या ४४,६०० लिटरांपैकी पिण्यासाठी १८,२५० गेले तरी निम्म्याहून अधिक पाणी शिल्लक उरते. ते आडाचे आणि त्याच्या भोवतालच्या मुरमाचे. मात्र आड किंवा बोअर शौचालयाच्या टाकीच्या जवळ असेल तर तेथे पाणी सोडण्यापूर्वी जाणत्याचा सल्ला घ्यावा. दूषित झिरपा एकदा शिरला की तो निघत नाही.

आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त निष्प्रयोजन पाणी सांडण्याला प्रमादचर्येत, म्हणजे अनर्थदंडात गणले आहे. आपण पाणी गाळण्याचा नियम कसोशीने पाळतो आणि त्याच घरात छपरावरची टाकी अर्धा तास भरून वाहते, हे मी अनेक धार्मिक कुटुंबांतून पाहिले आहे. टाकीतला तरंगता बॉल बिघडलेला असतो, एवढेच कारण असते.

आता भगिनींच्या बांधकामाला लागणाऱ्या काही बारीक सूचना. स्लॅब ओतताना उतार एकाच कोपऱ्याकडे द्यावा. चार कोपऱ्यांना चार पाइप काढले की पाणी गोळा करणे जिकिरीचे होते. उतरणाऱ्या पाइपला हौदापूर्वी एक तोटी ठेवावी आणि मृगाच्या पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी तीतून बाहेर सोडावे, कारण त्यात उन्हाळ्याची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा असते. नंतर तोटी बंद करावी. तोंडाशी बारीक जाळी हवी आणि ती दर पावसानंतर काढून झटकता यावी अशी हवी. सिमेंटमध्ये बसवून टाकलेली जाळी पहिल्याच वर्षी तुंबते. पावसाळ्यापूर्वी स्लॅब झाडून धुवावा, त्यावर रंगाचे डबे, जुने टायर, भंगार साठवू नये. हौदात उतरता येईल एवढे तोंड असावे, पण कुलूप लागणारे.

आणखी एक काम गवंड्याकडून त्याच वेळी करून घ्यावे. हौदाच्या आतल्या भिंतीवर तळापासून फुटाफुटाला ठळक रेघ ओढून घ्यावी. वर दिलेल्या मापाच्या हौदात एक फूट पाणी म्हणजे जवळजवळ दोन हजार लिटर, पाच माणसांचे चाळीस दिवस. ऑक्टोबरच्या मध्यास सहा रेघा बुडालेल्या असतील तर फेब्रुवारीच्या मध्यास तीन बुडालेल्या दिसावयास हव्यात. त्याहून कमी दिसल्या तर हौदाला गळती आहे किंवा पिण्याचे पाणी धुण्या-भांड्यांकडे जात आहे, आणि शोध घेण्यास उन्हाळ्यापूर्वीचे काही आठवडे अजून हाती आहेत.